वहिनीची ओळ

सोमवारी सकाळी दाराजवळच्या पडद्यावरचा आकडा लाल झाला आणि अख्ख्या ऑफिसला चहा करून पाजायची पाळी बारकीवर आली. हा नियम कुणी आणि कधी काढला ते कुणालाच आठवत नव्हतं, पण पाळला मात्र कडक जायचा. ज्याच्या हातून आकडा लाल होईल त्यानं तो पुन्हा हिरवा होईपर्यंत चहा करायचा. साहेबांवरही एकदा ती वेळ आली होती, आणि तो चहा ज्यांनी प्यायला ती माणसं अजून त्याच्याबद्दल बोलतात.

आकडा कसला, तर कव्हरेजचा. हे ऑफिस दवाखान्यांतल्या पंपांसाठी प्रोग्राम लिहायचं. पेशंटच्या उशाशी खांबाला अडकवलेला, नळीतून थेंब थेंब औषध सोडणारा पंप असतो ना, तो. प्रोग्राम लिहायचा, मग त्याची परीक्षा घेणाऱ्या टेस्ट लिहायच्या, आणि त्या टेस्ट प्रोग्रामच्या शंभरातल्या किती ओळींवरून फिरून आल्या ते मोजायचं. नव्वदच्या खाली आकडा गेला की नवीन आवृत्ती दवाखान्यात पाठवायची नाही, असा नियम. गेली कित्येक वर्षं तो त्र्याण्णववर ठाण मांडून बसला होता. सोमवारी तो चौऱ्याऐंशी झाला.

बारकी म्हणजे काही पोर नव्हे. चाळिशी ओलांडलेली, मान आखडलेली, चष्म्याचा नंबर सारखा वाढणारी बाई. भावाहून लहान म्हणून लहानपणी बारकी झाली ती बारकीच राहिली. गेला महिनाभर तिच्या गळ्यात एकच काम होतं. प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला होता त्या भाषेची आवृत्ती म्हातारी झाली होती आणि तिची देखभाल बंद होणार होती, म्हणून सगळा पसारा नव्या आवृत्तीवर न्यायचा. भाडेकरू आत राहत असताना घराचा पाया बदलायचा, तसलं हे काम. झालं तर कुणी शाबासकी देत नाही, बिघडलं तर सगळे धावून येतात.

तिनं ते केलं. एकही टेस्ट पडली नाही. प्रोग्रामची एक ओळ इकडची तिकडे झाली नाही. आणि तरी आकडा घसरला.

"काय केलंत हो मॅडम?" शेजारच्या टेबलावरच्या टकल्यानं विचारलं.

"काही नाही केलं."

"काही न करता नऊ गेले? माझं वजन असं कधी जाईल?" टकल्या खुर्चीत मागे रेलला. "साखर कमी घाला हां माझ्यात."

बारकीनं आधी मोजणाऱ्यावर संशय घेतला. नवा कारकून आला की हिशेब चुकतो, तसं नव्या भाषेचं मोजणं चुकत असेल. तिनं जुनी आवृत्ती एका कॉम्प्युटरवर आणि नवी दुसऱ्यावर चालवली आणि दोन्हींचे निकाल शेजारी शेजारी लावून एकेक फाइल डोळ्यांखालून घातली. सोमवार त्यात गेला, मंगळवारही गेला. डोळे चुरचुरायला लागले की ती उठून चहा करायची, चहा झाला की परत बसायची. मंगळवारी संध्याकाळी तिला जे कळलं ते कळलं नसतं तर बरं, असं तिला लगेचच वाटलं. नवं मोजणं बरोबर होतं. जुनंच चुकीचं होतं, आणि वर्षानुवर्षं चुकीचं होतं.

गोष्ट साधी होती. जुनी आवृत्ती ओळ मोजायची. टेस्टचं पाऊल ओळीवर पडलं की ओळ झाली, खूण करा, पुढे चला. मग त्या एका ओळीत एक काम असो की सहा. नवी आवृत्ती ओळीच्या आत डोकावून बघत होती. सहातलं पहिलं झालं, बाकीच्या पाचांना कुणी शिवलंही नाही, असं ती स्पष्ट सांगत होती. आणि एका ओळीत सहा-सहा कामं कोंबायची या ऑफिसात रीतच होती. तसं लिहिणं हुशारीचं समजलं जायचं. त्या ओळींना नावही होतं: वहिनीची ओळ.

वहिनी म्हणजे बारकीची सख्खी वहिनी. बारकी तिला ऑफिसातही वहिनीच म्हणायची, ते ऐकून टकल्या म्हणायला लागला, मग बाकीचे, आणि आता तिच्याहून वयानं मोठे असलेले साहेबही भर मीटिंगमध्ये "वहिनी, तुमचं काय मत?" असं विचारायचे. पंपाचा गाभा तिनं लिहिला होता. औषध किती आणि किती वेगानं सोडायचं ते ठरवणारी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्या हातची होती. घरी ती तीन माणसांचे आठ दिवसांचे कपडे एका पिशवीत बसवायची आणि वर स्वेटरला जागा उरवायची. प्रोग्रामही ती तसाच लिहायची.

आणि बारकीला या धंद्यात आणलं तेही तिनंच. लग्न मोडून बारकी भावाच्या घरी परत आली, तेव्हा दादा नुसता तिच्याकडे बघून कासावीस व्हायचा. वहिनीनं आठवडाभर काही म्हटलं नाही. मग एक दिवस जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवला आणि म्हणाली, "रडून झालं असेल तर हे वाचायला घे. नसेल झालं तर रडत वाच." बारकी रडत वाचायला लागली आणि वाचता वाचता रडायची थांबली. पुढे नोकरीसाठी साहेबांकडे शब्दही वहिनीनंच टाकला. हे उपकार फेडायचे कसे याचा बारकीनं कधी विचार केला नव्हता, कारण वहिनीनं ते कधी उपकार म्हणून दाखवलेच नव्हते.

आता विभागप्रमुखाची जागा रिकामी होती आणि ती वहिनीला मिळणार हे उघड गुपित होतं. शुक्रवारी नवी आवृत्ती दवाखान्यांना जाणार आणि त्याच दिवशी नाव जाहीर होणार. दादा आधी लांब पल्ल्याच्या गाड्या चालवायचा. त्याची पाठ गेल्यापासून तो घरीच होता, आणि घर चालत होतं ते मुख्यतः वहिनीच्या जिवावर. ही जागा तिला नुसती हवी नव्हती, तिची गरज होती.

बुधवारी बारकीनं इतरांच्या ओळींसाठी भराभर टेस्ट लिहिल्या. आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला आणि तिथं रुतला. उरली एक फाइल. वहिनीची.

साहेब बारकीच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. भला माणूस, पण कुठलाही प्रश्न उभ्या उभ्या सुटावा अशी त्यांची अपेक्षा असायची.

"अहो, त्या ओळींपुढे 'मोजू नये' लिहिण्याची सोय आहे ना?"

"आहे."

"मग?"

"ती सोय ज्या ओळी मोजण्यात अर्थच नाही त्यांच्यासाठी आहे, साहेब. ही औषधाची फाइल आहे."

"कळतं हो मला. पण प्रोग्राम बदललाय का? नाही. परवा जो चांगला होता तो आज वाईट कसा झाला?" साहेबांनी घड्याळ पाहिलं. "शुक्रवारनंतर सावकाश बघा. मी अडवणार नाही."

वाद घालायला अंगात बळ लागतं. बारकीकडे ते नव्हतं. ती "बघते" म्हणाली आणि चहाची भांडी विसळायला गेली.

घरी पोहोचली तेव्हा दादा पाठीला उशी लावून वाटाणे सोलत बसला होता. जेवढे सोलत होता त्यातले निम्मे खात होता. वहिनी आधीच आली होती आणि ओट्याशी उभी होती. बारकीनं पर्स ठेवली, पाणी प्यायली, आणि बोलायचं कसं याची जुळवाजुळव करत राहिली. वहिनीनंच सुरुवात केली.

"साहेब बोलले मला. माझ्या फाइलीवर अडलंय म्हणे."

"हो."

"मग सांगायचंत की, वन्सं." वन्सं हा शब्द वहिनी एकतर चेष्टेत वापरायची नाहीतर रागात. आत्ता कशात ते बारकीला ओळखता येईना. "कालपासून माझ्याकडे चोरून बघताय. मला वाटलं, माझ्या डोक्यावर काही बसलंय."

"वहिनी, तुझ्या त्या एका ओळीत सहा गोष्टी आहेत. टेस्ट पहिलीच तपासते. बाकीच्या पाच कधी तपासल्याच नाहीत आपण."

"चालतायत ना पण? इतकी वर्षं चालतायत. एका दवाखान्यानं तक्रार केली?"

"तक्रार आली नाही म्हणून—"

"हे बघ." वहिनीनं गॅस बारीक केला आणि तिच्याकडे वळली. तिचे डोळे सुजलेले होते. ही बाईसुद्धा दमलीय, हे बारकीला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "मी नाही म्हणत नाहीये. त्या ओळी मी स्वतः फोडते, सहाच्या सहा वेगळ्या करते, तू टेस्ट लिही. पण सोमवारपासून. आत्ता माझी फाइल लाल दिसली तर ती जागा त्या बाहेरच्या माणसाला जाईल. तो मुलाखत देऊन बसलाय. दोन शब्दांचं काम आहे, बारके. मी कधी काही मागितलंय तुझ्याकडे?"

कधीच मागितलं नव्हतं. हेच तर होतं.

"मी काही ऐकलेलं नाही," दादा वाटाण्यांना म्हणाला. "दोन बायकांच्या मधे बोलून माझी पाठ आणखी बिघडते."

दोघीही हसल्या. हसल्यावर नाही म्हणणं फार कठीण होतं. बारकी म्हणाली, "बरं, सोमवारपासून," आणि तिला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची तिला थोडी लाजही वाटली, पण जेवताना ती विसरली.

गुरुवारी सकाळी तिनं त्या फाइलीतल्या ओळींपुढे ते दोन शब्द लिहिले. आकडा एक्क्याण्णव झाला. पडदा हिरवा झाला, टकल्यानं टाळ्या वाजवल्या, आणि आता चहा पूर्वीसारखा वाईट मिळणार म्हणून कुणीतरी हळहळलं. साहेबांना इतका हुरूप आला की त्यांनी शुक्रवारची वाटही पाहिली नाही. सगळ्यांना गोळा करून त्यांनी तिथल्या तिथे वहिनीचं नाव जाहीर केलं. वहिनी लाजली. बारकीनं तिला इतकी वर्षं पाहिलं होतं, पण लाजताना कधी पाहिलं नव्हतं. गर्दीतून वाट काढत वहिनी तिच्याजवळ आली, तिचा हात घट्ट दाबला आणि गेली.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. कुणी विचारणार नव्हतं. पण दुपारी बारकीला दुसरं काम उरलं नव्हतं, आणि महिनाभर जुंपलेलं माणूस एकदम मोकळं झालं की त्याला करमत नाही. सोमवारचं थोडं आजच उरकावं म्हणून तिनं वहिनीची ती ओळ उघडली. पंपाचा वेग ठरवणारी ओळ.

ओळ वाचायला सोपी होती. पेशंटचं वजन भरलेलं नसेल तर पंप सुरू करू नको. पेशंट लहान मूल असेल तर मुलांचं कोष्टक बघ. औषध जपून द्यायचं असेल तर वेग निम्मा कर. औषधाची पिशवी चालू असेल तर आहे तोच वेग ठेव. नाहीतर, वजन बदललं असेल तर वेग नव्यानं काढ. नाहीतर नेहमीचा वेग. बारकीनं एकेका गोष्टीला एकेक टेस्ट लिहायला घेतली. पहिली पास झाली. दुसरी, तिसरी, चौथीही झाली. पाचवी फेल झाली.

आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून तिनं टेस्ट पुन्हा लिहिली. पुन्हा फेल. मग तिनं हात मांडीवर ठेवले आणि ओळ पुन्हा सावकाश वाचली. 'पिशवी चालू असेल तर' हे आधी होतं आणि 'वजन बदललं असेल तर' हे नंतर. पिशवी चालू असली की प्रोग्राम तिथंच थांबायचा, पुढे जायचाच नाही. आणि वजन बदलतं केव्हा? नर्सनं घाईत चुकीचं वजन भरलं, औषध सुरू झालं, मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं ते दुरुस्त केलं, म्हणजे पिशवी चालू असतानाच. पंपाच्या पडद्यावर नवं वजन दिसणार. नर्स निश्चिंत होऊन दुसऱ्या खाटेकडे जाणार. आणि पिशवी संपेपर्यंत पंप जुन्याच वजनानं औषध सोडत राहणार.

हे उद्या जाणाऱ्या आवृत्तीत होतं आणि आज दवाखान्यात चालू असलेल्या आवृत्तीतही होतं. चूक दुरुस्त केली असं समजणाऱ्या माणसाला पंप फसवत होता. असं किती खाटांशी झालं असेल आणि कुणाला कळलंच नसेल, हा विचार बारकीनं सुरू केला आणि तिला तो पुढे नेता येईना.

साहेबांची खोली डावीकडे होती. वहिनीची नवी खोली उजवीकडे. बारकी कॉम्प्युटर हातात घेऊन थोडा वेळ मधे उभी राहिली. मग उजवीकडे गेली. वहिनीनं इतकं केलं आपल्यासाठी, निदान तिला हे दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

वहिनी भिंतीवरचं आधीच्या माणसाचं कॅलेंडर उतरवत होती. "ये," ती म्हणाली. "बघ, खिडकीसुद्धा आहे. तुझ्या दादाला फोन केला तर म्हणतो, आता मला पॉकेटमनी वाढवून दे." मग तिनं बारकीचा चेहरा पाहिला. "काय झालं?"

बारकीनं कॉम्प्युटर टेबलावर ठेवला. काही समजावून सांगावं लागलं नाही. वहिनीनं लाल झालेली टेस्ट पाहिली, ओळ पाहिली, आणि खुर्चीत बसली. तिच्या ओठांची हालचाल होत होती. ती ओळ तोंडातल्या तोंडात वाचत होती. कॅलेंडर अजून तिच्या हातातच होतं.

"आधी आणि नंतर उलटं झालंय," ती म्हणाली.

"हो."

"जागा वाचवायला तिथं घातलं मी ते. मला आठवतंय." तिनं कॅलेंडर खाली ठेवलं. "साहेबांना सांगितलंस?"

"नाही."

"कुणाला?"

"कुणालाच नाही. आधी तुझ्याकडे आले."

वहिनीनं टेस्ट स्वतः पुन्हा एकदा चालवून पाहिली. बाहेर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. बारकीला वाटलं ती रडेल, नाहीतर चिडेल, आणि दोन्ही झालं तर काय बोलायचं ते तिनं ठरवूनही ठेवलं होतं. वहिनीनं दोन्ही केलं नाही.

"फार वाईट केलंस तू," ती शेवटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, नुसता थकलेला होता. "साहेबांकडे गेली असतीस तर बरं झालं असतं. मग मी घरी येऊन तुझ्यावर रागावले असते, वर्षभर अबोला धरला असता, आणि माझं सगळं तुझ्यावर ढकलून मोकळी झाले असते. आता कुणावर ढकलू? आता हे मलाच करायला लागणार."

"वहिनी, मला वाटलं तुला आधी—"

"माहीत आहे तुला काय वाटलं." वहिनीनं फोन जवळ ओढला, पण उचलला नाही. "सगळ्या दवाखान्यांना आजच कळवायला लागेल. पिशवी चालू असताना वजन बदललं तर पंप बंद करून पुन्हा सुरू करा, असं. खाली सही विभागप्रमुखाची लागते." ती किंचित हसली, आणि ते हसू बघवेना. "निदान ती तरी माझी असेल. उद्यापर्यंत."

"तुला काढणार नाहीत गं. चूक कुणाच्याही हातून होते. मीच तर ते दोन शब्द लिहिले, मी सांगते साहेबांना."

"ते तुझं तू सांग. त्यात मी पडणार नाही." वहिनीनं साहेबांचा नंबर फिरवला आणि फोन कानाला लावला. पलीकडे घंटा वाजत होती, ती बारकीलाही ऐकू येत होती. वहिनीनं हाताचा तळवा फोनवर ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं.

"एक सांगू? हे मला सापडलं असतं ना, तर मी तुझ्याकडे आले नसते. साहेबांकडेही गेले नसते. सोमवारी गुपचूप दोन गोष्टींची अदलाबदल केली असती आणि पुढच्या आवृत्तीत घालून दिली असती. कुणाला कळलंही नसतं. तू समोर उभी आहेस म्हणून हा फोन चाललाय. माझ्या मनानं नाही."

पलीकडे फोन उचलला गेला. वहिनीनं तळवा काढला.

"साहेब, वहिनी बोलतेय," ती म्हणाली. "जरा इकडे येता? नाही, अभिनंदन नको. या तुम्ही."